दुसऱ्या अंकातला लाल गोल

बाबा, तुमच्या वहीतल्या त्या लाल गोलाचं उत्तर मिळालं. मिळालं खरं, पण तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, तेव्हा आता हे उत्तर घेऊन मी जाऊ कुठे? म्हणून लिहायला बसलेय. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "लिहितेस कशाला, बोल की." बोलायचंच होतं हो. पण आपल्या घरात महत्त्वाचं बोलायची पद्धत होती कधी? वायर नीट गुंडाळ, पंखा आवाज करतोय, चहा गार झाला, एवढ्यावर आपण जन्म काढला. आणि मला तर तुमच्यापाशी एक गोष्ट कबूल करायची होती, ती तुमच्या शेवटच्या सहा प्रयोगांपासून माझ्या घशात अडकलेली आहे. गोलाच्या नादात तिचाही उलगडा झाला. म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते.

ते नाटक पुन्हा येतंय. तेच आपलं संगीत नाटक, ज्याचा आवाज तुम्ही सतरा वर्षं सांभाळलात. नवे नट, नवा सेट, नवा दिग्दर्शक; जुनी म्हणजे फक्त पदं आणि मी. दिग्दर्शक पोरगा हुशार आहे, पण निम्मं इंग्रजी बोलल्याशिवाय त्याचं वाक्य संपत नाही. पहिल्याच दिवशी म्हणाला, "ताई, म्यूट्स सगळे ऑटोमेट करून टाकू ना! मॅन्युअली रिस्क कशाला?" म्हणजे माइक बंद-चालू करणं यंत्रावर सोपवायचं. मी म्हटलं, करू. हे मी एकदा केलेलं आहे, आणि कुणासाठी केलेलं आहे, ते त्याला सांगितलं नाही.

यंत्राच्या आत काय चालतं ते कळल्याशिवाय तुम्हाला घास गोड लागत नसे, म्हणून आधी ते सांगते. कसबा पेठेतल्या आपल्या दुकानात लोक ॲम्प्लिफायर दुरुस्तीला आणून टाकायचे, आणि बिघाड निघाल्यावरही तुम्ही ते तासभर उघडं ठेवून बघत बसायचात. "झालं ना आता?" आई विचारायची. "झालं. पण का झालं ते बघतोय." तर, मिक्सरला आता मिडी म्हणतात ती एक वायर जोडतात. त्या वायरीतून कुणाचाच आवाज जात नाही, फक्त निरोप जातो. लॅपटॉपवर मी नाटकाची यादी करते: नायक आत गेला, एक नंबर बंद, सखी आली, सात नंबर चालू. ती जागा आली की एक कळ दाबायची, की नटांच्या अंगावरच्या चौदाही माइकना आपापला निरोप पोचतो. यात एक गंमत आहे. निरोप दोन तऱ्हांनी देता येतो. 'बटण दाब' असा दिला, आणि माइक आधीच बंद असला, तर तो शहाणा उघडून मोकळा होतो. म्हणून 'दाब' म्हणायचं नाही, 'बंद हो' म्हणायचं. मग तो बंद असला तर बंदच राहतो. मी पहिल्यांदा हे शिकले तेव्हा 'दाब', 'दाब' करत बसले होते, आणि दोन दिवस डोकं खाजवलं की जो आत जातो त्याचा आवाज का येतोय. आणखी एक. त्या निरोपांची उलट डाकही येते. मिक्सरवर कुणी हातानं बटण दाबलं तर ते लॅपटॉपला कळतं, आणि तो वेळेसकट लिहून ठेवतो. हे लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

या वेळची यादी करायला मी तुमची वही काढली. प्रयोगात तुम्ही ती कधी उघडत नव्हतात. घरी बसून लिहायचात, निळ्या पेन्सिलीनं उघडायच्या जागा, लाल काटीनं बंद करायच्या. सगळं वाचता आलं, एक सोडून. दुसऱ्या अंकात नायिकेचं मोठं पद संपतं, ती देवळीतला दिवा लावायला वळते, आणि तिथे चार नंबरपुढे एक लाल गोल. शब्द एक नाही. आता चार नंबर म्हणजे नायिकाच. ती रंगमंचावर आहे, तिचं पुढचं वाक्य यायचंय, मग तिचा माइक कशाला बंद? पण म्हटलं, बाबांनी काढलाय म्हणजे काहीतरी असणार, आणि गोल जसाच्या तसा यादीत घातला. झालं! तालमीत नव्या मुलीनं पद संपवलं, देवळीकडे वळली आणि वळता वळताच बोलायला लागली, कारण या वेळी ते तसं बसवलंय. ओठ हलतायत, आवाज गुल. "ताई, चार गेला! चार गेला!" दिग्दर्शक खुर्चीवर उभा. मी म्हटलं, "गेला नाही, मी घालवलाय." "पण का?" "तेच तर मला कळत नाहीये."

कारण तुम्ही उगाच काही करणाऱ्यातले नव्हतात. आठवतंय ना, मी एकोणीस वर्षांची आहे, दुपारचा प्रयोग आहे, आणि मी तुमच्या शेजारी मांडीवर नाटकाची प्रत घेऊन बसलेय. मोठ्या शहाणपणानं प्रत्येक वाक्याखाली बोट फिरवतेय. तुम्ही कागदावर पंजा ठेवता. "नाटक कुठे चाललंय?" मी समोर बोट दाखवते. "मग तिकडे बघ. बोलायच्या आधी माणूस श्वास घेतो, खांदा हलतो. खांदा हलला की उघडायचा. कागदाचा खांदा हलतो का?" शेजारी दिवेवाले बसलेले, ते फिदीफिदी हसले. मला इतका राग आला होता की मध्यंतरात तुम्ही आणलेला चहा मी घेतला नाही. तुम्ही तो शांतपणे पिऊन टाकलात, दोन्ही कप. पण त्या दिवसापासून मी खांदे बघायला लागले. माइक उघडे ठेवायला अक्कल लागत नाही, बंद ठेवायला लागते, हे तुम्ही किती वेळा ऐकवलंत त्याची गणतीच नाही.

आणि मग तो प्रयोग आला, ज्याचा विषय आपण पुन्हा कधी काढला नाही. नायक निरोप घेऊन आत गेला. नायिका एकटी रडतेय, सगळं सभागृह शांत, आणि स्पीकरमधून नायकाचा भरदार आवाज: "अगं, टाकी भरली का? मग मोटार बंद कर की! सगळं पाणी खाली चाललंय!" हा गृहस्थ विंगेत फोनवर होता. मी बॅटऱ्या बदलायला तिथेच उभी होते, धावत जाऊन त्याच्या माइकवर मूठ आवळली, पण व्हायचं ते होऊन गेलं. लोक नुसते हसत होते. संध्याकाळी घरी आलो, आई थालीपीठं लावत होती, तुम्ही ओट्याला टेकून उभे राहिलात आणि विचारलंत, "आज लोक हसले कशाला गं? रडायच्या जागेला?" आईनं माझ्याकडे पाहिलं. तुम्ही नुसतं बटण विसरला नव्हतात, बाबा. तुम्हाला ते ऐकूच आलं नव्हतं. मी म्हटलं, "कुणाचं तरी मूल पडलं असेल खुर्चीतून." तुम्ही थालीपीठ खाल्लंत आणि झोपायला गेलात.

दुसऱ्या दिवशी निर्मात्यांचा फोन आला, तुम्हाला नाही, मला. "वडिलांना आता आराम द्या. पुढच्या सहा प्रयोगांना मी दुसरा माणूस बघतो." मी म्हटलं, हे सहा प्रयोग द्या, एक जरी चूक झाली तरी मी स्वतः त्यांना घरी बसवते. बोलून तर गेले. पण करणार काय? कानाच्या मशीनचं नाव काढलं तर तुम्ही म्हणाला होतात, "मशीन मी दुरुस्त करतो, लावत नाही." आणि प्रयोग काढून घेतले असते तर तुम्ही घरी बसून काय उघडून बघत बसला असतात? म्हणून मी ते केलं. नवा डिजिटल मिक्सर आणला, एक जुना लॅपटॉप टेबलाखालच्या स्टुलावर ठेवला, वर टॉवेल टाकला आणि मिडीची वायर जोडली; जागा आली की टॉवेलाखालून कळ मी दाबायची. यादी मी नाटकाच्या प्रतीवरून केली. तुमची वही मागितली असती तर पकडले गेले असते. प्रत्येक निरोप दोनदा जाईल असं बसवलं, एकदा जागेवर आणि दीड सेकंदानं पुन्हा, म्हणजे तुमचं बोट उशिरा पडलं, उलटं पडलं, तरी माइक जसा हवा तसाच राहील. जुन्या टेपरेकॉर्डरला असायची तसली पाच पिनांची ती वायर तुम्ही लगेच हेरलीत. "ही कसली?" "दिवेवाल्यांची आहे, बाबा." धडधडीत खोटं बोलले.

दुसऱ्या प्रयोगाच्या मध्यंतरात तुम्ही मिक्सरकडे बघत म्हणालात, "या बटणांना भुताटकी झालीय का गं? मी एक करतो, ती दुसरंच करतात." मी म्हटलं, "नवीन मशीन आहे, जरा हळू समजतं त्याला." तुम्ही चष्मा पुसलात. "त्याला, की मला?" मी हसल्यासारखं केलं आणि बिस्किटं आणायला पळाले. सहाही प्रयोग बिनचूक झाले. शेवटच्या दिवशी निर्माते स्वतः आले, "काका, कमाल केलीत, एक चूक नाही!" तुम्ही वायर गुंडाळत म्हणालात, "चुकायला हातात ठेवलंय काय." तो टोमणा नव्या यंत्रांना आहे असं मी धरून चालले. मग तुम्ही वही माझ्या हातात दिलीत, "ठेव. मला आता लागायची नाही." आठ महिन्यांनी तुम्ही गेलात. लोक भेटायला यायचे, म्हणायचे, काय माणूस होता, शेवटपर्यंत हात चुकला नाही. मी मूग गिळून बसायचे. लहान मुलाला गाडीत पुढे बसवून खेळण्यातलं चाक देतात ना, ते मी तुमच्या हातात दिलं होतं. ज्या माणसानं कधी खोटं काम केलं नाही, त्याच्या शेवटच्या कामाला मीच खोटं करून टाकलं, हे चौदा वर्षं मला खात होतं.

तर गोल. तालमीतून मी तडक कोथरूडला बाईंकडे गेले. बाई म्हणजे तेव्हाची नायिका. सगळे त्यांना बाईच म्हणायचे, तुम्हीसुद्धा. आता सोसायटीत चौथ्या मजल्यावर एकट्या राहतात, काठी घेऊन चालतात, जीभ तेवढी बिनकाठीची आहे. "चौदा वर्षांनी वाट सापडली? ये. चपला बाहेर." मी वही पुढे केली, गोल दाखवला. त्यांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

"पद संपलं की मला दम लागायचा," त्या म्हणाल्या. "साधासुधा नाही, भात्यासारखा. कुणाला कळलं असतं तर भूमिका गेली असती, टपून बसलेल्या होत्याच दोघी-तिघी. म्हणून मीच ते दिव्याचं काम काढलं. पाठ फिरवायची, वात सारखी करायची, तेवढ्यात दम खायचा. कुणाला पत्ता नाही लागला हो कधी."

"बाई," मी म्हटलं, "माइक तुमच्या छातीवर होता."

त्या म्हणाल्या, "अगंबाई." वहीच्या पानावर हात ठेवला. म्हणाल्या, "एकदा माइक लावताना मला म्हणाले होते, दिवा लावायला घाई करू नका, तो काही कुठे पळत नाही. मला असा संताप आला होता! म्हटलं, हा माइकवाला मला अभिनय शिकवणार? पण सावकाश लावायला लागले खरी." डोळ्याला पदर लावला. "आणि मेल्यानं एका शब्दानं सांगितलं नाही." मग जीभ चावली आणि तुमच्या नावानं हात जोडले. मला हसू की रडू कळेना.

कर्वे रस्त्यावर सिग्नलला स्कूटर थांबवून उभी असताना माझ्या डोक्यात आलं: शेवटच्या सहा प्रयोगांनाही बाईच होत्या. दमही होताच. पण माझ्या यादीत गोल नव्हता, मी यादी प्रतीवरून केली होती. मग चार नंबर बंद कोण करत होतं? मागचे हॉर्न वाजवायला लागले तेव्हा सिग्नल सुटल्याचं कळलं. घरी येऊन जुना लॅपटॉप काढला, तासाभरानं चालू झाला. हातानं दाबलेल्या बटणांची नोंद तिथे होती, सहाही प्रयोगांची. मी ती कधीच उघडली नव्हती. तुमच्या चुका मला बघायच्या नव्हत्या.

पहिला प्रयोग, ओळीच ओळी. तुमची बोटं प्रत्येक जागेवर पडलेली, कुठे उशिरा, कुठे उलटी. दुसरा प्रयोग, मध्यंतरापर्यंत तसंच. मध्यंतरानंतर फक्त दोन ओळी. चार बंद. पाच सेकंदांनी चार चालू. मला वाटलं नोंद तुटलीय. तिसरा प्रयोग उघडला. पूर्ण तीन तासांत दोन ओळी, चार बंद, चार चालू. चौथा, पाचवा, सहावा, तेच. त्याच जागेवर.

तुम्हाला कळलं होतं. त्या मध्यंतरातच कळलं होतं. पाच पिनांची वायर बघून दिवेवाल्यांची म्हणून गप्प बसणारा माणूस तुम्ही नव्हतातच. मग उरलेले प्रयोग तुम्ही यंत्राला सगळं करू दिलंत आणि त्याला जे माहीत नव्हतं तेवढं एक स्वतःकडे ठेवलंत. कान तर गेले होते, तेव्हा बाईंचा दम तुम्ही खांद्यावरूनच ओळखला असणार. आणि मला ओरडला नाहीत, विचारलं नाहीत. बाईंना सांगितलं नाहीत तसंच मलाही नाही. मी रडले, बाबा. मग मला तुमचा रागही आला, खराखुरा. चौदा वर्षं मी तुम्हाला फसवल्याचं ओझं वाहिलं, एका शब्दानं उतरलं असतं. पण तो शब्द मीही कुठे काढला होता?

हे पत्र आता वहीत गोलाच्या पानात ठेवते, दुसरी जागा नाही. नव्या मुलीला दम लागत नाही, म्हणून गोल यादीतून काढलाय. पण तालमीत मी चार नंबरवर एक बोट ठेवून बसते आणि तिच्या खांद्याकडे बघते, कोण जाणे कधी लागेल. दिग्दर्शक म्हणतो, "ताई, तो ऑटोमॅटिक आहे ना?" मी म्हणते, "असू दे की."

एक मात्र लिहायचं टाळत होते. त्या प्रयोगांत तुमचे हात कुठे होते, हे मी कालपासून आठवतेय. बटणांवर होते, की मांडीवर? घडी घालून बसला होतात का? आठवत नाही. पकडली जाईन या भीतीनं मी तीन-तीन तास टॉवेलाखालच्या त्या पडद्याकडे बघत होते. तुम्ही माझ्यापासून दीड हातावर होतात, आणि मी एकदाही तुमच्याकडे पाहिलं नाही.